ढोलाचं जेवण

माणसं भात वरणाशी कालवतात, ताकाशी कालवतात, फार तर पिठल्याशी. आमचे घरमालक राखेशी कालवायचे. दुपारचं जेवण आटोपलं की मूठभर मऊ भात केळीच्या पानावर घ्यायचा, त्यात चुलीतली चाळलेली राख घालायची आणि डोळे मिटून मळत बसायचं. मळता मळता काहीतरी गुणगुणायचं. भात बोटांना चिकटेनासा झाला की म्हणायचे, "चला, पोरं भुकेली असतील." आणि गोळा घेऊन गोठ्याकडे निघायचे. गोठ्यात गाय नव्हती.

मी तेव्हा नवी नवरी. ह्यांना भिवपुरीच्या पॉवरहौसात नोकरी लागली होती. तिथे राहायला जागा मिळेना, म्हणून कर्जतात दोन खोल्या बघायला आलो. मालकांनी ह्यांना एकच प्रश्न विचारला, "घोरता का?"

हे गडबडले. "थोडंसं असेल."

"कुठल्या पट्टीत?"

हे माझ्याकडे बघायला लागले. आता मी काय सांगणार, कपाळ! लग्नाला महिना झालेला. मी मान खाली घातली. मालक म्हणाले, "असू दे, असू दे. ऐकून ठरवू." त्या रात्री तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर निघाले तर ओटीवरून आवाज आला, "काळी चार! उत्तम आहे. आमच्या थोरल्या ढोलाशी जुळतं." पॉवरहौसात ही गोष्ट कशी पोचली कोण जाणे, पण हे निवृत्त होईपर्यंत मित्र ह्यांना काळी चार म्हणत होते.

गावात त्यांना रंगूनवाले म्हणत. मी काका म्हणायची. तरुणपणी ब्रह्मदेशात, रंगूनला एका तांदळाच्या गिरणीत कारकून म्हणून गेले ते डोक्याचे केस पिकल्यावर परतले. उंच, किडकिडीत, कानाच्या पाळ्या लोंबत्या. बाहेर पडताना धोतर, कोट, टोपी, सगळं जिथल्या तिथे. घरात मात्र ब्रह्मी रेशमाची लुंगी, तीही गुलाबी. समोर राहणाऱ्या मामी म्हणायच्या, "बायकोला एक लुगडं धड आणलं नाही, आणि स्वतः बघा, मेला, परकर नेसून बसलाय."

वस्तू दिसली की तिला टिचकी मारायची, ही त्यांची खोड. आमची कळशी, आमचा पाट, आमच्या घरी आलेल्या पाहुण्याचा पत्र्याचा डबा. बाजारात कुंभाराकडे गेले की एकेक मडकं वाजवत बसायचे आणि सुरांप्रमाणे रांग लावून निघून यायचे. कुंभार मला एकदा म्हणाला, "तुमचं मालक लई गुनी हायेत बाय. त्यांनी हात लावलेलं एक मडकं फुटकं निघत नाय. पर घेत कदी काय नाय." घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडायचे, त्याची शिट्टी झाली की काका हातातलं काम थांबवायचे. "आज ड्रायव्हर नवा आहे," म्हणायचे. खरं होतं की नाही देव जाणे. विचारायला कोण जाणार स्टेशनात!

गोठ्यात होते ते ढोल. सात त्यांनी रंगूनहून पेटाऱ्यातून आणले होते, बाकीचे इथे शिवणीच्या लाकडाचे करून घेतले होते. सगळ्यांत लहान तांब्याएवढा, थोरला घागरीएवढा. कमरेइतक्या उंच बांबूच्या गोल चौकटीला ते आतल्या बाजूने ओळीने टांगलेले, आणि काका त्या कड्याच्या मधोमध पाटावर. आत शिरायला चौकटीचा एक भाग काढावा लागे, आणि शिरले की तो परत लावायचा. मग बाहेरून नुसतं पांढरं डोकं दिसे. राखेतल्या भाताची चकती प्रत्येक ढोलाच्या तोंडावर चिकटवायची, कुठे सुपारीएवढी, कुठे लिंबाएवढी. जास्त लावली की सूर उतरतो, कमी केली की चढतो. ब्रह्मी लोक त्याला ढोलाचं जेवण म्हणतात, असं ते सांगायचे. "उपाशी ढोल खोटं बोलतो, सूनबाई. माणूस मात्र पोट भरल्यावर खोटं बोलतो."

वाजवत बोटांनी. मला गाण्यातलं काही कळत नाही, आमच्या माहेरी आरतीसुद्धा बेसूर. पण दुपारी तांदूळ निवडत बसलेली असताना गोठ्यातून तो आवाज यायला लागला की सुपातले हात आपोआप थांबायचे. एकाच वेळी झोप आल्यासारखं आणि जाग आल्यासारखं वाटायचं. उल्हास नदीवरून वारा यायचा, अंगणात पेंढ्याचा वास, आणि ते ढोल बोलायचे. हो, बोलायचेच. आपला ढोल ठेका धरतो, तो ढोल गोष्ट सांगायचा.

कधी ओटीवर सुपारी कातरत काका प्व्याचं सांगायचे. प्वे म्हणजे तिकडचा गाण्यानाचण्याचा खेळ. "कुणाच्या मुलीचे कान टोचले, प्वे. मुलगा मठात जायचा झाला, प्वे. घर बांधलं, प्वे. म्हातारा साधू वारला तरी प्वे. रस्त्यातच मांडव घालायचा. तिकीट नाही, आमंत्रण नाही. वाजायला लागलं की माणसं येतात. चटया घेऊन, उशा घेऊन, तान्ही पोरं घेऊन. म्हाताऱ्या बायका हातभर लांब चिरूट ओढत पुढे बसतात. विदूषक साहेबाची नक्कल करतो आणि साहेब मागे उभा राहून हसतो. एखादी गाणारी नवं पद म्हणते, आणि सकाळी गिरणीत बघावं तर पोती उचलणारा तेच पद म्हणतोय, नावाडी तेच म्हणतोय, भजी तळणारी तेच म्हणतेय. बायस्कोपात गेलं तरी पडद्यापुढे बसून वाजवणारे हेच. अख्खं शहर एका गाण्यात भिजलेलं असतं गं!"

"वाजवणाऱ्यांना मान फार असेल मग?"

"तर! घरात बोलावून वरच्या जागी बसवतात." सुपारी तोंडात टाकून हळूच म्हणायचे, "मुलगी देत नाहीत."

"तिकडेही?"

"तिकडेही."

हे सगळं ते मला सांगायचे, ह्यांना सांगायचे, मोळी विकायला येणाऱ्या बुधी ठाकरणीला सांगायचे. बुधी मोळी टाकून गोठ्याच्या दारात तासतास बसायची. "आमच्या नाचाला बी असंच हाय," म्हणायची, "लुगडी, भाकऱ्या, पोरं, सगळं घेऊनशान जायाचं." सांगत नसत ते फक्त एका माणसाला. काकूंना.

काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गोरी, कामाला वाघीण. त्या नवऱ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, आवाज चढत नव्हता. वेळेवर ताट, वेळेवर आंघोळीचं पाणी, धोतराला कडक घडी. बोलायचं झालं तर भिंतीशी. "तेल संपलंय म्हणावं." आणि काका भिंतीकडे बघूनच "बरं" म्हणायचे. ढोल चामड्याचे म्हणून घरात घ्यायचे नाहीत, हा हुकूमही भिंतीलाच मिळाला होता.

मला आधी हसू यायचं. मग काकूंकडून थोडं थोडं कळत गेलं आणि हसू गेलं. पदरी मूल नाही. काका गेले तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं केलं. सासू वारल्यावर कित्येक वर्षं एकटी. काका पैसे पाठवत, त्यात खंड पडला नाही. दर तीन वर्षांनी लांब रजा मिळायची, शेजारच्या गावातले दोघे त्याच गिरणीत होते, ते दर खेपेला घरी यायचे. काका इतक्या वर्षांत दोनदा आले. मग गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. तिकडे ब्रह्मी बाई ठेवलीय. बायका पाण्याला जाताना काकूंकडे बघायच्या, हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि बोटं दाखवायच्या. काकूंनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. आणि नवरा परत आल्यावर त्यालाही विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर?

त्यात ते गोळे निघाले.

वाजवून झालं की काका ढोलांवरचा भात खरवडून काढायचे. अन्न पायाखाली येऊ नये म्हणून त्याचे गोळे वळून अंगणाच्या दगडी गडग्यावर ओळीने ठेवायचे. मामींच्या ते नजरेत भरलं. एक दिवस त्या आमच्या मागच्या दारी आल्या, काकू तिथेच भांडी घासत होत्या हे बघूनच आल्या. "बाई गं! पितृपक्ष नाही, अवस नाही, आणि हा मनुष्य रोज पिंड घालतो कुणाला? आणि नीट बघा, कावळा शिवत नाही एकालाही. तिची इच्छा राहिलीय हो काहीतरी!"

"मामी, राख असते त्यात, कावळा कशाला खाईल?" मी म्हटलं. "ढोलाला लावायचा भात आहे तो."

"ढोल जेवतात होय गं? शिकलेली ना तू?"

मी काकूंना परोपरीने सांगितलं. त्या राखेचा हात थांबवून म्हणाल्या, "भजनातल्या पखवाजाला कणीक लावतात, ते मी बघितलंय. भात लावलेला कुणी बघितलाय का?" आणि मग फार हळू, "मेली वाटतं ती. म्हणूनच परत आले."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात भात शिजेना. कर्जतसारख्या भाताच्या मुलखात, नवीन भात घरात येऊन पडलेलं असताना, दोन्ही वेळा नाचणीची भाकरी! मी विचारलं तर म्हणाल्या, "तिला जेवू घालायचं असेल तर खुशाल घालावं. माझ्या हातच्या भाताने नको." पुढे म्हणाल्या, "खालापूरला भावाकडे निरोप धाडलाय. त्याची गाडी येईल चार दिवसांत. मी जातेय. हे घर त्यांचं, ढोल त्यांचे, ती मेलेली त्यांची."

"परत कधी येणार?"

"आता कशाला यायचं?"

 गाडी दोन दिवसांवर आली तरी ह्या गृहस्थाला पत्ताच नाही! तो आपला केळीचं पान घेऊन माझ्या दारात उभा. "सूनबाई, मूठभर भात मिळेल का गं? पोरं तीन दिवस उपाशी आहेत."

मी नुकती विशीत आलेली पोर, ते वडिलांच्या वयाचे. पण जीभ काही माझ्या ताब्यात राहिली नाही. "काका, रंगूनला तुमची बाई होती का? तिचे पिंड घालताय, असं गाव म्हणतंय. काकूही म्हणतायत."

आधी त्यांना समजलंच नाही. मग हसायला लागले. हसता हसता खाली बसले, डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसू कुठेतरी गेलं. "बाई?" म्हणाले. "सूनबाई, कुठली गं बाई!"

"मग रजेवर घरी का नाही आलात?"

त्यांनी केळीचं पान घडी करून मांडीवर ठेवलं. "रजा मिळायची ती थंडीत. आणि थंडी म्हणजे प्व्याचे दिवस. दर वेळी वाटायचं, हा एक हंगाम ऐकतो, पुढच्या खेपेला जाईन. तिथला एक म्हातारा वाजवणारा मला जवळ बसू द्यायचा. भात मळायला द्यायचा. मला वाटायचं, आता गेलो आणि म्हातारा मेला तर?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मेल्या माणसा, असं तोंडावर आलं होतं. "हे काकूंना सांगितलंत?"

"काय सांगू तिला? ढोल ऐकत बसलो होतो म्हणून?"

मग मीच गेले आणि सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. मला वाटलं होतं काकूंचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "बाई असती तर बरं झालं असतं गं. बाईला शिव्या तरी देता येतात." गाडी येणार ती येणारच होती. बोचकं बांधून झालं होतं.

मी परत काकांकडे. खेपा घालून माझे पाय दुखले, पण ते पाहवत नव्हतं मला. "तुम्हाला सांगता येत नाही ना? मग वाजवा. त्यांच्यासमोर वाजवा. परवा गाडी येतेय, त्या खालापूरला चालल्यात, कायमच्या." काका एकदम उभे राहिले. गुलाबी लुंगी सावरायचंही भान नव्हतं. असा घाबरलेला पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. "उद्या," म्हणाले. "उद्या प्वे करू. रात्री नको, रात्री ती बाहेर येणार नाही. उन्हं कलली की."

भात मी शिजवला. पातेलंभर. सोवळ्याओवळ्याचा माझा सगळा घोळ झाला, पण म्हटलं, देव बघून घेईल. ह्यांनी रजा टाकली आणि ढोल गोठ्यातून अंगणात आणले. बुधीने पेंढा पसरला.

आमंत्रण कुणालाच नव्हतं. काका म्हणाले, प्व्याला नसतंच. मामी म्हणाल्या, "बोलावल्याशिवाय आम्ही नाही हो जात कुणाकडे," आणि पहिली सतरंजी त्यांचीच पडली, ओटीवर, सगळ्यांत पुढे. आळीतली माणसं आली, पोरं गडग्यावर चढली, बुधीच्या वाडीवरचे पाचसात जण अंगणाच्या कडेला पेंढ्यावर टेकले. मार्गशीर्षाचं कोवळं ऊन होतं. काका कड्यात शिरले, चौकट आतून लावून घेतली, एकेका ढोलाला जेवू घातलं, कान लावून ऐकलं. लोक कंटाळले. "आता नाचणारी कधी येणार?" कुणीतरी विचारलं.

मग त्यांनी सुरुवात केली. त्यात एका ठिकाणी गाणारीचं पद होतं, तेही त्यांनीच म्हटलं, बारीक बाईच्या आवाजात. लोक खो खो हसले. मामी तर पदर तोंडात कोंबून. चार बापे उठून गेले. मी मेले लाजेने. काकू आत, माजघराच्या दाराआड, बोचक्यापाशी.

पण काका थांबले नाहीत. डोळे मिटले, आणि बोटं एका ढोलावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर अशी जायला लागली, की एकवीस ढोल आहेत हे विसरायला झालं. एकच कुणीतरी बोलतंय. गडग्यावरची पोरं गप्प झाली. बुधीच्या माणसांतल्या एकाने मधोमध चिरलेली बांबूची काठी उचलली आणि हातावर वाजवायला लागला, बरोबर जागेवर, कुणी न सांगता. काकांनी डोळे न उघडता मान डोलावली. ऊन पिवळं झालं होतं, भाताच्या खाचरांवरून धुकं यायला लागलं होतं, मला माझं माहेर आठवत होतं, मेलेली आजी आठवत होती, आणि डोळ्यांतून पाणी कशाला येतंय ते कळत नव्हतं. हे सुद्धा नाक ओढत होते.

केव्हातरी काकू बाहेर आल्या. हातात चटई. ओटीवर बायकांत बसल्या नाहीत. पायऱ्या उतरून अंगणात आल्या, कड्याच्या अगदी समोर चटई पसरली आणि मांडी घालून बसल्या. पद संपलं. काकांनी डोळे उघडले तर समोर त्या.

"हे रोज असायचं?" काकूंनी विचारलं. भिंतीला नाही. त्यांना. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

"थंडीत रोजच. कुणाच्या ना कुणाच्या दारात."

"बायका यायच्या?"

"यायच्या की. घरंच्या घरं यायची."

"चांगल्या घरच्या?"

"सगळ्या घरच्या."

काकू त्या ढोलांकडे एकेक करून बघत राहिल्या. रागाने नव्हे. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. एखाद्या मुलाने दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडे बघावं तशा बघत होत्या.

"इतकं चांगलं होतं," त्या म्हणाल्या, "तर मला का नाही नेलंत? सासूबाई गेल्यावर मी एकटीच होते की. मीसुद्धा चटई घेऊन बसले असते."

 काकांनी ढोलावरचा हात काढला. "सुचलंच नाही गं," म्हणाले.

खरं होतं ते. इतकं खरं की मला त्यांच्या कानशिलात द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं. ते एकदम उठले. चौकट काढायची असते हे विसरले, ढोलांना पोरासारखं जपणारा तो माणूस सरळ पुढे चालत आला. बांबू मोडले, दोऱ्या तुटल्या, ढोल एकमेकांवर आपटत अंगणभर घरंगळले. कुणी उचलायला उठलं नाही. काका काकूंच्या चटईवर, त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसले. त्या काळी नवराबायको चार माणसांत असे बसत नसत. मामींच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

ते ऐकून काकांना भान आलं. उठायला लागले, म्हणाले, "लोक बघतायत."

काकूंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"बघू देत. इतकी वर्षं मला एकटीला बघत होते."